वाटमारी आणि हद्द

सरकारी नोकरीत ज्या शब्दाने मला सर्वांत अधिक छळले, तो शब्द 'हद्द' हा होय. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मालाने भरलेली एक मालमोटार रात्री आडवाटेला अडवली गेली. सहा जणांच्या टोळीने चालकाला मारहाण केली, हातपाय बांधून त्याला एका नाल्यात टाकले, माल दुसऱ्या गाडीत चढवला आणि रिकामी मालमोटार पुढच्या जिल्ह्यात नेऊन सोडून दिली. सकाळी चालक कसाबसा सुटून जवळच्या ठाण्यावर गेला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की नाला पलीकडच्या ठाण्याच्या हद्दीत येतो. पलीकडच्या ठाण्याचे म्हणणे असे की, गाडी अडवली ती जागा अलीकडची. जेथे गाडी सापडली, तेथील अंमलदाराने तर ती बेवारशी म्हणून नोंदवून कधीच मोकळा श्वास घेतला होता. पुढे ती फाईल माझ्या टेबलावर आली. तीत तांबड्या शाईच्या तीन रेघा असलेला एक सुबक नकाशा होता. चालकाचा हात मोडला होता, ही गोष्ट मात्र अकराव्या पानावर, तीही समासात, लिहिलेली आढळली.

हे दुखणे नवे नव्हे. राज्याला हद्द असते आणि रस्त्याला ती नसते, यातून उद्भवणारे हे दुखणे फार जुने आहे. आणि त्यावरचा सर्वांत जालीम काढा ज्या गावी तयार झाला, ते गाव आमचे हे जबलपूर.

दोनशे वर्षांपूर्वीचे जबलपूर डोळ्यांपुढे आणावयाचे तर प्रथम रस्ते आणावे लागतात. नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातून हा मुलूख १८१७-१८ च्या युद्धात कंपनीकडे गेला आणि सागर-नर्मदा प्रदेश या नावाने तिच्या कारभारात आला. वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून जबलपूरमार्गे मिर्झापूरच्या गंगाघाटाला जाई. उलट दिशेने काशी-प्रयागचे यात्रेकरू, रजेवर निघालेले शिपाई, लग्नाकार्याला निघालेली कुटुंबे येत-जात. पश्चिमेस मुंबईहून खानदेशमार्गे इंदूरकडे दुसरी वाहती वाट होती. माळव्यातील अफूच्या खरेदीसाठी सावकारांचा रोकडा पैसा तिने जात असे. हा पैसा नेणारे हरकारे फाटके कपडे घालून, भिकाऱ्यासारखे चालत; पण त्यांच्या चालीवरून आणि खांद्यावरच्या ओझ्याच्या ओढीवरून ओळखणारे डोळे वाटेवर होते.

त्या डोळ्यांच्या धन्यांना उत्तरेत ठग म्हणत, दक्षिणेत फासेगार. ते गोड बोलून वाटसरूंच्या सोबतीला लागत, चार-चार मुक्काम एकत्र करीत आणि ठरल्या जागी, ठरल्या इशाऱ्यावर रुमालाचा फास टाकीत. खड्डे आधीच खणून तयार असत. जालन्याच्या छावणीतील जनरल डव्हटन यांचे मुन्शी बंदे अली हे मुलीच्या विवाहासाठी सहकुटुंब हिंदुस्थानाकडे निघाले होते. नागपूर-जबलपूर वाटेवर लखनादौनजवळ ते सारे कुटुंब नाहीसे झाले. जवळच कंपनीच्या फौजेचा मुक्काम होता, असे पुढे पकडल्या गेलेल्या ठगांनी आपल्या जबानीत सांगितले. जालन्याला वाटले असेल, मुन्शी सुखरूप पोहोचले. तिकडच्या सोयऱ्यांना वाटले असेल, मुन्शींनी बेत बदलला. दोन्ही ठिकाणच्या माणसांच्या ध्यानात काही आले, तोवर त्या जागेवर गवत उगवून गेले असेल.

या गुन्ह्याचे खरे बळ येथे होते. साध्या चोरीत फिर्यादी उरतो. येथे तो उरतच नसे. आणि समजा, कुणी फिर्याद केली, तरी ती कुणाकडे करावयाची? मेलेला माणूस निजामाच्या राज्यातला, मारला गेला तो कंपनीच्या मुलखात, मारणाऱ्याचे घर शिंद्यांच्या किंवा झाशीच्या अमलात, आणि लूट विकली गेली ती चौथ्याच संस्थानात. चारांपैकी प्रत्येक दरबाराला गुन्ह्याचा एक तुकडा तेवढा दिसे आणि त्या तुकड्यावर शिक्षा देता येत नसे. शिवाय गावचा जमीनदार आणि पाटील यांचा त्यात वाटा असे, हे वेगळेच. चंबळेकाठच्या परगण्यांत ठगांच्या घरांवर कर बसवून तो वसूल केल्याची अठराव्या शतकाच्या अखेरची शिंदेशाहीतील नोंदही सापडली आहे. आपल्या मुलखात उपद्रव न करणारा आणि बाहेरून पैसा आणणारा रयत म्हणजे कोणत्याही वसुली कामगाराला प्रियच!

कंपनीच्या स्वतःच्या मुलखात तरी काय होते? १८१० च्या सुमारास इटाव्याचा मॅजिस्ट्रेट टॉमस पेरी याच्या हाती काही ठग लागले, त्यांनी कबुलीही दिली. पण कबुलीला दुजोरा नाही म्हणून वरच्या अदालतीत खटला टिकला नाही. त्याच वर्षी जनरल सेंट लेजर याने शिपायांना हुकूम सोडला की, रजेवर जाताना रोकड जवळ बाळगू नये, हुंडी घ्यावी. वाटेत परक्यांची सोबत धरू नये. राज्याला वाट राखता येत नाही, म्हणून वाटसरूने स्वतःस राखावे, एवढाच या हुकुमाचा अर्थ.

व्यापाऱ्यांनी यावर आपल्यापरीने तोड काढली होती. अमरावतीला धनराज सेठ नावाचे एक मोठे सावकार होते. १८२० नंतरच्या दशकात त्यांच्या हरकाऱ्यांवर ठगांनी घाले घातले. सेठजींनी सरकारदरबारी अर्ज करीत बसण्याऐवजी आपला गुमास्ता ठगांच्या मागावर सोडला. त्याने बुंदेलखंडातील संस्थानिकांकडे खेटे घातले, कुणाला पैसा चारला, कुणाला कंपनीची भीती घातली, ठग पकडवले आणि भरपाई वसूल केली. मात्र भरपाई मिळाली की पकडलेला ठग सुटे. स्लीमनने या व्यवहाराबद्दल फार चिडून लिहिले आहे, आणि ते रास्तच होते. कारण सुटलेला ठग ती भरपाई दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यातून काढणार, हे उघड होते. पण मला राहून राहून वाटते की, अमरावतीच्या त्या पेढीने एक गोष्ट राज्यकर्त्यांच्या आधी ओळखली होती. हद्दीपलीकडचा गुन्हेगार धरावयाचा तर हद्दीपलीकडे ज्याचा शब्द चालतो असा माणूस हवा. सावकाराची हुंडी सर्व संस्थानांत चालत असे. कोणत्याही न्यायाधीशाचा हुकूम चालत नव्हता.

विल्यम हेन्री स्लीमन हा कॉर्नवॉल परगण्यातला माणूस. तो १८०९ साली बंगालच्या सैन्यात आला, आणि १८२० साली सागर-नर्मदा प्रदेशाच्या मुलकी कारभारात शिरला. १८२२ ते १८२४ या काळात नरसिंहपूर जिल्हा त्याच्या हाती होता. आपल्या जिल्ह्यात साधी चोरीसुद्धा आपल्याला कळल्यावाचून होत नाही, अशी त्याची खात्री होती. पुढे त्याला समजले की, त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांवरच्या कंदेली गावात ठगांची एक टोळी राहत होती, आणि नरसिंहपूरहून सागरकडे जाताना एका मजलेवर लागणाऱ्या मंडेसूरच्या आमराया या साऱ्या देशातील ठगांच्या मोठ्यात मोठ्या खूनजागांपैकी एक होत्या. ही कबुली त्याने स्वतः छापून दिली आहे. जिल्ह्याचा कारभार केलेल्या माणसाला ती वाचताना अंगावर काटा आल्याशिवाय राहत नाही. कारण स्लीमन आळशी नव्हता, लाचखाऊ नव्हता, प्रजेची भाषा त्याला येत होती. तरीही त्याला दिसले नाही. त्याच्या नजरेचीही एक हद्द होती, आणि ती दप्तराच्या कडेशी संपत होती.

१८२९ साली माळव्यात कॅप्टन बॉर्थविक याने एक मोठी टोळी पकडली. त्या वेळी बेंटिंक गव्हर्नर-जनरल होता. टोळीचे काय करावयाचे, असा प्रश्न इंदूरहून कलकत्त्यास गेला, तेव्हा मुख्य सचिव स्विंटन याने जे उत्तर पाठविले, त्यात ठगांची तुलना समुद्रावरच्या चाच्यांशी केली होती. चाचा कोणत्या राजाचा प्रजाजन आहे आणि कोणत्या समुद्रात त्याने गलबत लुटले, हे विचारीत बसत नाहीत. जो पकडील त्याने शिक्षा द्यावी, असा दर्यावर्दी राष्ट्रांचा जुना संकेत आहे. तोच न्याय ठगांना लावावा, असे ते उत्तर होते. एका लेखणीच्या फटकाऱ्याने हिंदुस्थानातील रस्ते समुद्र ठरले.

यानंतरची हकीकत बहुतेकांना कादंबऱ्यांवरून आणि चित्रपटांवरून ठाऊक असते. मला कौतुक वाटते ते फासाचे नव्हे, दप्तराचे. सागर-नर्मदा प्रदेशाचा एजंट फ्रान्सिस कर्वेन स्मिथ आणि स्लीमन या दोघांनी मिळून माफीच्या साक्षीदारांची एक व्यवस्था उभारली. एका साक्षीदाराची जबानी दुसऱ्यापासून लपवून ठेवावयाची, एकाच मोहिमेच्या हकिकती निरनिराळ्या तोंडून घेऊन ताडून पाहावयाच्या, घराण्यांच्या वंशावळी लिहावयाच्या, जागा नकाशावर मांडावयाच्या. १८३० च्या अखेरीस फिरंगिया नावाचा नामांकित जमादार हाती आला. ज्या आमराईत स्लीमनचा तंबू लागला होता, तिच्याच पोटात प्रेते आहेत असे त्याने सांगितले. खणून पाहता ती खरोखरच निघाली. पुढे अवधच्या राज्यातील सुमारे १४०० मैल रस्त्यांचा नकाशा तयार झाला, त्यावर अशा २७४ जागा दाखविलेल्या आहेत. म्हणजे सरासरी पाच मैलांना एक! १८३५ साली ठगीनिवारणाच्या कामाचा मुख्य अधिकारी म्हणून स्लीमनची नेमणूक झाली आणि जबलपूर हे त्याचे ठाणे झाले.

पण पकडण्याचा अधिकार आला कुठून? येथे आपण थोडे थांबले पाहिजे. जबलपूरहून निघालेले शिपाई आणि त्यांच्यासोबतचे साखळदंडातले साक्षीदार परक्या संस्थानांत शिरत, साक्षीदार बोट दाखवील त्याला धरीत आणि घेऊन येत. ग्वाल्हेरला तेव्हा शिंद्यांचे राज्य होते. तेथील इंग्रज रेसिडेंट कॅव्हेंडिश याने यावर कडक हरकत घेतली. स्वतंत्र दरबाराच्या प्रजेला, एका अट्टल खुन्याच्या शब्दावर, दरबारास न विचारता उचलून न्यावयाचे, हा कोणता न्याय, असा त्याच्या पत्रांचा आशय होता. स्मिथ आणि कॅव्हेंडिश यांचा पत्रव्यवहार कडवट झाला. त्यात सरशी जबलपूरची झाली, आणि इतिहासाने कॅव्हेंडिशची गणना कामात खो घालणाऱ्यांत केली. मला तो अन्याय वाटतो. वाट सुरक्षित व्हावी हे त्यालाही मान्य होते. ती कोणाच्या अधिकाराने सुरक्षित होत आहे, एवढेच तो विचारीत होता. प्रश्न योग्य होता, विचारणारा मात्र एकटा होता.

त्या प्रश्नाला उत्तर म्हणून १८३६ सालचा तिसावा कायदा आला. मेकॉले तेव्हा कलकत्त्याच्या कौन्सिलात कायदेसभासद होता. कायदा अवघ्या तीन कलमांचा आहे. पण इतका थोडक्यात इतका मोठा अधिकार घेणारा दुसरा कायदा माझ्या पाहण्यात नाही. कंपनीच्या मुलखात किंवा मुलखाबाहेर, हा कायदा होण्यापूर्वी किंवा नंतर, जो कोणी ठगांच्या टोळीत होता असे सिद्ध होईल, त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप. त्याचा खटला कोणत्याही जिल्ह्याच्या न्यायालयात चालावा. जणू गुन्हा त्याच जिल्ह्यात घडला होता. आणि खटल्यात काजीचा फतवा मागू नये.

यात हद्दीची अडचण कशी सुटली ते पाहण्यासारखे आहे. खून कोठे झाला हे सिद्ध करणे कठीण होते, म्हणून खून सिद्ध करण्याची गरजच काढून टाकली. कृत्याला जागा असते, नात्याला नसते. माणूस टोळीचा आहे, हाच गुन्हा ठरला की तो गुन्हा त्या माणसाबरोबर जेथे जाईल तेथे जातो, आणि जो न्यायाधीश भेटेल त्याच्या हद्दीत येतो. युक्ती बिनतोड होती. फक्त ठग म्हणजे कोण, याची व्याख्या तेवढी कायद्यात कोठेच दिली नव्हती! पुढच्याच वर्षी आणखी एका कायद्याने, पूर्वी शिक्षा झालेला माणूसही साक्षीस पात्र ठरला. म्हणजे जुन्या ठगाच्या बोटाला कायद्याचे बळ आले. १८४३ साली हीच पद्धत दरोडेखोरांच्या टोळ्यांना लागू झाली. ठगांची व्याख्या यावयास १८६० च्या दंडसंहितेचे ३१० वे कलम उजाडावे लागले. तोवर बहुतेक खटले आटोपले होते. १८३१ ते १८३७ या काळाचे जे आकडे इतिहासग्रंथांत वारंवार येतात, त्यांप्रमाणे ३२६६ जण पकडले गेले, ४१२ फाशी गेले आणि ४८३ माफीचे साक्षीदार झाले.

हे सारे ठगच होते काय? हिरालाल गुप्त यांनी १९५९ साली या विषयावर निबंध लिहून, कंपनीच्या राज्यविस्तारामुळे पोटाला मुकलेल्या माणसांकडे लक्ष वेधले. त्यानंतरच्या अभ्यासकांपैकी काहींनी तर ठगी ही इंग्रजांच्या कल्पनेची करामत असल्याचे सुचवून पाहिले. इतके टोक मला पटत नाही. आमराईतून निघालेली प्रेते कुणाच्या कल्पनेतून निघालेली नव्हती. पण मोडलेल्या फौजांतले बेकार शिपाई, भटके व्यापारी, वाट चुकलेले फकीर यांपैकी किती जण त्या ३२६६ मध्ये केवळ साक्षीदाराच्या बोटामुळे शिरले, याचे उत्तर आज कोणत्याही दप्तरातून निघणार नाही, कारण तो प्रश्न विचारण्याची सोयच कायद्याने ठेवली नव्हती.

हाच प्रश्न पुढे शंभर वर्षांनी अमेरिकेला पडला, हे ऐकून कदाचित आश्चर्य वाटेल. तेथे फौजदारी कायदा मुख्यतः घटक राज्यांचा. परंतु राज्याराज्यांमधील व्यापार हा संघसरकारचा विषय. गुन्हेगारांच्या टोळ्या मोटारीने तासाभरात दुसऱ्या राज्यात जाऊ लागल्या, तेव्हा १९३४ साली संघसरकारने व्यापाराच्या आधारे त्यांच्यावर हात टाकला. न्यूयॉर्क शहरात बाहेरून येणाऱ्या मालमोटारी अडवून दिवसभराची मजुरी वसूल करणाऱ्या चालकसंघाला १९४२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातून वगळले, म्हणून १९४६ साली अलाबामाचे प्रतिनिधी हॉब्स यांच्या नावाने ओळखला जाणारा नवा कायदा झाला. आंतरराज्य व्यापाराला कोणत्याही प्रकारे, कितीही अल्प प्रमाणात बाधा आणणारी लूट संघाच्या न्यायालयात चालावी आणि तिला वीस वर्षांपर्यंत कैद असावी, असे तो सांगतो. या 'कितीही अल्प' चे पुढे काय झाले? २०१६ साली, गांजा विकणाऱ्याच्या घरात घुसून केलेली लूटसुद्धा आंतरराज्य व्यापारावरचा घाला ठरली. तेथे निदान कृत्य सिद्ध करावे लागते, हा मोठाच फरक. पण हद्द ओलांडण्यासाठी कायद्याने एकदा दार उघडले की ते किती रुंद उघडते, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

आपल्या राज्यघटनेने वेगळी वाट धरली. आंतरराज्य व्यापार केंद्राच्या यादीत आहे, पण सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस, रेल्वे पोलिसांसुद्धा, राज्यांच्या यादीत आहेत. योगायोग असा की, हॉब्स यांचा कायदा झाला त्याच १९४६ साली आपल्याकडे दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायदा झाला. आजच्या केंद्रीय अन्वेषण विभागाचा अधिकार त्यातून येतो, आणि राज्याच्या हद्दीत पाऊल टाकताना त्या राज्याची संमती लागते, हे त्यातच लिहिले आहे. कॅव्हेंडिशला हे कलम वाचून समाधान वाटले असते.

जबलपूरच्या त्या कचेरीचे पुढे दोन फाटे झाले. एक फाटा कारखान्याचा. माफीच्या साक्षीदारांना सोडणे शक्य नव्हते, म्हणून १८३७-३८ च्या सुमारास त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलांसाठी येथे उद्योगशाळा निघाली. तंबू, सतरंज्या, गालिचे तेथे होऊ लागले. मुलांना बापाचा धंदा शिकू द्यावयाचा नाही, हा हेतू चांगला होता. परंतु गुन्हा रक्तातून उतरतो ही समजूतही त्यातच दडलेली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात ती उघड झाली आणि महाराष्ट्रातील पारध्यांसारख्या कित्येक जमातींना तिने तारेच्या कुंपणात, हजेरीपटावर बसवले. तो कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला. त्याने लावलेला डाग मात्र ठाण्याच्या वहीतून लवकर पुसला जात नाही, हे मी पाहिलेले आहे. दुसरा फाटा दप्तराचा. ठगी व दरोडा खाते १९०४ साली मोडून त्याच्या जागी केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता खाते आले.

आणि कायदा? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली, तीत ठगाचे कलम नाही. तब्बल १६४ वर्षांनी तो शब्द दंडसंहितेतून गेला. पण त्याच दिवशी आलेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेत एक जुने वाक्य तसेच राहिले आहे: दरोड्याचा खटला गुन्हा घडला तेथे चालावा, किंवा आरोपी सापडेल तेथे. १८९८ च्या संहितेत या वाक्याच्या आरंभी ठग बसलेला होता. धनी गेला, पण त्याने बांधून घेतलेली वाट वहिवाटीत राहिली. फिर्याद कोणत्याही ठाण्यात, हद्द न विचारता, नोंदवून घेतली पाहिजे, असेही आता कायद्यातच लिहिले आहे.

माझ्या फाईलमधील मालमोटारीला याच वाक्याचा उपयोग झाला. तीन ठाण्यांचा वाद मिटण्याआधीच ती टोळी भलत्याच कारणासाठी चौथ्या जिल्ह्यात पकडली गेली आणि खटला तेथेच उभा राहिला. चालकाला साक्षीसाठी तीन वेळा तेवढ्या लांब जावे लागले. पहिल्याच दिवशी आरोपींच्या वकिलाने हद्दीचा आक्षेप घेतला. न्यायाधीशांनी तो दोन ओळींत फेटाळला, आणि चालकाला हात वर करून दाखवावयास सांगितले. तो पुरता वर होत नव्हता.